तीन बिंदूंमधून जाणारी रेषा

चौकात खड्डा पडला तेव्हा त्यात फक्त एक हातगाडी गेली, म्हणून गाव हसलं. गाडी फळवाल्याची होती आणि फळवाला नेमका समोरच्या दुकानात पाणी प्यायला गेला होता. "तहान लागली म्हणून वाचलो," असं तो येईल त्याला सांगत सुटला. लोक काठाशी उभे राहून आत डोकावत होते. आत काही दिसत नव्हतं. मग कुणीतरी दगड टाकला. तो पडल्याचा आवाज यायला जरा उशीरच झाला, आणि जे हसत होते ते हळूच मागे सरकले.

गावाखाली कधीकाळी खाण होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याला खापरपणजोबा होते हे जसं ठाऊक असतं, तसंच. होते खरे, पण त्यांचं आज काय करायचं? खाणीची तोंडं केव्हाच बुजली होती, वर रस्ते झाले होते, रस्त्यांवर घरं झाली होती आणि घरांत माणसं आपापल्या कटकटींत गुंतली होती.

गणिताच्या बाई त्या गर्दीत नव्हत्या. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांच्या सासूबाई अशा दोघीच घरात राहत. पुढच्या खोलीत शिकवण्या चालत, मागच्या खोलीत सासूबाई पडल्या पडल्या त्या शिकवण्यांवर मत देत. मुलगा चुकला की आतून आवाज येई, "पुन्हा चुकलं वाटतं." बरोबर आला तरी येई, "आज काय झालं याला?" बाईंना एकुलती एक लेक. तिचं लग्न गावातल्याच एका सुताराशी झालं होतं, आणि तिला तीन-चार महिन्यांची मुलगी होती. तिला सगळे पिटुकली म्हणत. सासूबाईंना आपल्या पणतीत जगातल्या कुठल्याच गोष्टीपेक्षा जास्त रस होता, हे त्या सोडून सगळ्यांना माहीत होतं.

खड्डा पडल्यानंतर दोन दिवसांनी भावोजींचा फोन आला. भावोजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर. ते मोजणी खात्यात होते आणि कामानिमित्त कुठल्या तरी डोंगराळ भागात तंबू ठोकून होते.

"वहिनी, एकट्या आहात का?"

"सासूबाई आहेत. झोपल्यात."

"जागी आहे मी," आतून आवाज आला.

भावोजी नेहमी हसले असते. आज हसले नाहीत. "कागद-पेन्सिल घ्या," ते म्हणाले. "तुमच्या गावाखाली एक भुयार आहे. सरळसोट खणलेलं, कुठं वळण नाही. आत हवा खेळावी म्हणून त्याच्यावर तीन विहिरी पाडल्या होत्या. पुढे बुजवल्या. वर आता काहीबाही झालंय. त्यातली एक परवा उघडली."

"चौकातली."

"मी काही बोललो नाही. नोटीस निघेपर्यंत नकाशा कुणाला दाखवायचा नाही, घरांची नावं घ्यायची नाहीत, असा हुकूम आहे. तोंड उघडलं तर मी घरी बसेन. म्हणून मी फक्त आकडे सांगतो. गणित तुमचं. गावच्या नकाशावर चौकोन आखलेले आहेत ना, ते नैऋत्येच्या कोपऱ्यातल्या मोजणीच्या दगडापासून मोजायचे. लिहिताय?"

"लिहितेय."

"दोन, चार. सहा, सहा. दहा, आठ."

"बस?"

"बस. रेषा काढा, आणि आपली माणसं तिच्यावरून हलवा. छत बसत चाललंय वहिनी. आज-उद्या नाही, पण..." पुढे नुसती खरखर ऐकू आली, आणि फोन कटला.

बाईंनी कागद समोर ओढला. त्यांनी हे गणित किती मुलांकडून करून घेतलं असेल याची गणती नव्हती. दिलेल्या बिंदूंमधून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा. मुलं कंटाळायची. बाई सांगायच्या, रेषेला दोन बिंदू पुरतात, तिसरा असतो तो आपली चूक पकडायला. तिसऱ्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. आजही त्यांनी तोच नियम पाळला. बाहेरचे दोन बिंदू घेतले. आठातून चार गेले, चार. दहातून दोन गेले, आठ. चार भागिले आठ, म्हणजे रेषेचा चढ अर्धा. दोनाचा अर्धा एक, त्यात तीन मिळवले की चार. म्हणजे य बरोबर क्ष चा अर्धा, अधिक तीन. मग तिसरा बिंदू. सहाचा अर्धा तीन, अधिक तीन, सहा. घरात असलेल्या गावच्या नकाशावर बोट ठेवून पाहिलं. दगडापासून पूर्वेला सहा चौकोन, उत्तरेला सहा. बोटाखाली बरोब्बर चौक होता.

बाईंच्या अंगावर काटा आला, तरी मनात कुठंतरी समाधानही झालं. गणित सुटल्याचं समाधान अशा वेळीही होतं. माणसाचा स्वभाव चमत्कारिक असतो.

मग त्यांनी आपलं घर शोधलं. पूर्वेला बारा, उत्तरेला नऊ. बाराचा अर्धा सहा. सहा नि तीन, नऊ.

बाई जाग्यावरच बसून राहिल्या. पायाखालची फरशी त्यांनी कधी नीट पाहिली नव्हती. आता पाहिली. चुलीच्या ओट्याखाली एक केसासारखी चीर होती. ती नेहमीचीच असावी. पण नक्की नेहमीची होती का?

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आपल्याला घर सोडायचंय."

"कुणी सांगितलं?"

"गणितानं."

"मग नक्कीच राहू या," सासूबाई म्हणाल्या. "तुझं गणित म्हणजे माझ्या नवऱ्याचा शब्द. कागदावर अगदी पक्का."

पण बाईंनी ऐकलं नाही. सहसा त्या सासूबाईंपुढे आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. जायचं कुठं हेही त्यांनी नकाशावरच ठरवलं. वरच्या आळीत लेकीचं घर होतं, पूर्वेला दहा आणि उत्तरेला चौदा. तिथं त्यांची रेषा आठावर होती. मधे सहा चौकोन मोकळे. ओळखीपाळखीत रेषेपासून इतकं लांब दुसरं घर नव्हतं.

जावई हातगाडा घेऊन आला. दोन ट्रंका, गाद्या, औषधांचा डबा आणि गाद्यांवर सासूबाई, अशी वरात निघाली.

"हळू रे," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हणजे काय फळं नव्हे खड्ड्यात टाकायला."

"आजी, तुम्ही पडलात तर खड्डाच तुम्हाला वर फेकून देईल," जावई म्हणाला.

"बायकोनं बोलायला शिकवलंय वाटतं."

चार दिवसांनी भावोजींचा पुन्हा फोन आला. आवाज तुटत होता. "हललात?"

"हललो हो. आता सगळे एकाच घरात आहोत."

"बाळ?"

"बाळ पण. माझ्याच मांडीवर आहे."

"सुटलो," भावोजी म्हणाले, आणि त्यांनी सोडलेला श्वास इतक्या लांबूनही ऐकू आला.

लेकीचं घर लहान पण नीटनेटकं होतं. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागं एक निजायची खोली. त्या मागच्या खोलीत सासूबाईंची खाट आणि पिटुकलीचा पाळणा असे शेजारी शेजारी लागले. दोघींचं झोपणं, उठणं आणि रडणं एकाच वेळापत्रकावर आलं. बाईंना तिथं आल्यावर पहिल्यांदा शांत झोप लागली. मात्र एक गोष्ट त्यांना खटकत असे. पिटुकलीचा लाकडी चेंडू कुठंही ठेवला तरी थोड्या वेळानं पाळण्यामागच्या कोपऱ्यात सापडे.

"जमीन जुनी आहे," लेक म्हणाली. "आधी नव्हता जात. पण आधी चेंडू तरी कुठं होता?"

जावयाला त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. गावात दारं अडकायला लागली होती. कुणाचं दार चौकटीत घट्ट बसे, कुणाची कडी लागत नसे, कुणाची खिडकी उघडली की मिटत नसे. सुताराला बोलावणी यायची. तो रंधा घेऊन जायचा, दाराची कड तासायचा, बिजागरी हलवून बसवायचा. पुन्हा दार सुरळीत. आपल्या घराच्या मागच्या खोलीचं दारही त्यानं असंच एका सकाळी तासून दिलं होतं.

"हवा फिरलीय," तो जेवताना सांगायचा. "लाकूड म्हणजे सासू हो. हवा फिरली की फुगलीच." मग जीभ चावून, "तुम्हाला नाही म्हटलं आई."

"तिलाच म्हण," मागच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या. "मी आजेसासू. मी केव्हाच वाळलेय."

एका दुपारी पिटुकली आणि सासूबाई मागच्या खोलीत दार ओढून झोपल्या होत्या. जावई जेवायला आला होता, हात न धुताच पाटावर टेकला होता. लेक वाढता वाढता थांबली.

"आई, खरं सांग. आपलं हे घर त्या रेषेपासून नक्की लांब आहे ना?"

"कितीदा दाखवू?" बाई म्हणाल्या. पण त्यांनी ट्रंकेतून नकाशा काढला आणि जमिनीवर पसरला. पेन्सिलीची त्यांची रेषा त्यावर होती, बारीक, स्वच्छ. "ही रेषा. आणि हे आपण. बघ, मधे अख्खी आळी बसते."

जावई वाकून बघायला लागला. नकाशात आपल्या ओळखीच्या जागा शोधायला कुणालाही आवडतं. "हे वाचनालय ना?" त्यानं बोट ठेवलं. "आज इथंच आहे मी. मोठं दार दुसऱ्यांदा धरलंय. ही बेकरी. तिच्या कोठाराचं दार तर तिसऱ्यांदा. बेकरीवाला म्हणतो, तू मुद्दाम कमी तासतोस, पुन्हा बोलवावं म्हणून. आणि घड्याळजीचं घर... हे. त्याचं काल केलं. ते मात्र झकास झालंय, एका बोटानं फिरतं."

त्यानं हात काढून घेतला. त्याच्या बोटांना लाकडाचा भुसा लागलेला होता. नकाशावर तीन पिवळे ठिपके राहिले.

बाईंनी ते झटकायला हात पुढे केला आणि तो तसाच थांबला.

तीन बिंदू दिसले की त्यांचं डोकं आपोआप चालू होई, जसं काही लोकांचं गाणं ऐकू आलं की चालू होतं. बेकरी पूर्वेला सात, उत्तरेला आठ. वाचनालय आठ, दहा. घड्याळजी नऊ, बारा. अगदी रेघेरेघेवर नव्हते, बोट इकडेतिकडे झालं असेल. पण सरळ होते. बारातून आठ गेले, चार. नवातून सात गेले, दोन. चढ दोन. साताची दुप्पट चौदा, त्यातून सहा गेले, आठ. य बरोबर क्ष ची दुप्पट, वजा सहा.

"लाकूड फुगलं तर गावभर फुगेल," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "एका रेषेत कसं फुगेल?"

"काय म्हणालात?"

त्यांनी सहा घालून पाहिले. सहाची दुप्पट बारा, वजा सहा, सहा. चौक. म्हणजे ही रेषाही चौकातून जात होती. आणि त्यांचीही चौकातूनच जात होती. एकीचा चढ अर्धा, दुसरीचा दोन. अर्धा आणि दोन.

वर्गात एखाद्याचं उत्तर अर्ध्याच्या जागी दोन आलं की बाई त्याची पाटी न बघताच सांगायच्या, क्ष आणि य ची अदलाबदल केलीस, पुन्हा कर. मुलांना वाटायचं बाईंना डोक्यामागं डोळे आहेत.

"फोन दे," त्या लेकीला म्हणाल्या.

भावोजींना फोन लागायला वेळ लागला. लागला तेव्हा बाईंनी कसे आहात वगैरे काही विचारलं नाही. "तुम्ही दोन, चार म्हणालात. त्यातला पहिला आकडा कुठल्या दिशेचा?"

"म्हणजे? उत्तरेचा. आमच्यात उत्तरेकडचा आकडा आधी सांगतात वहिनी, सगळीकडे."

"आमच्यात आडवा आधी. क्ष आधी. मी तोच पूर्वेचा धरला."

बाईंच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. सहा, सहा. तिसरा बिंदू चूक पकडायला असतो. पण सहा, सहा उलटा वाचला तरी सहा, सहाच. त्यांनी ज्या साक्षीदाराला उभं केलं होतं, तो दोन्ही बाजूंना होय म्हणणारा निघाला होता.

"वहिनी," भावोजींनी हळूच विचारलं, "तुम्ही कुठल्या घरात आहात?"

"लेकीच्या."

"अहो, पण ती तिथं राहते म्हणून तर मी फोन केला होता!" भावोजींचा आवाज फाटला. "तुमच्या घराला काहीच नव्हतं. आपली माणसं हलवा म्हटलं ते त्यांच्यासाठी! तुम्ही म्हणालात सगळे एकत्र आहोत, बाळ पण आहे. मला वाटलं त्यांना तुमच्याकडे आणलंत. निघा तिथून. वहिनी, आत्ता निघा."

दहाची दुप्पट वीस. वजा सहा, चौदा. आता मांडायची गरजही नव्हती.

बाईंनी फोन खाली ठेवला आणि लेकीकडे बघून म्हणाल्या, "माझी चूक झाली. रेषा या घराखालून जाते. बाळाला घे."

लेक हलली नाही. जावई हसायला लागला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "आई, गेल्या पंधरवड्यात रेषा तिकडे होती. गाड्यावर आजींना घालून मी आणलं. आज रेषा इकडे आली. उद्या कुठं जाईल?"

"आकडे उलटे वाचले मी. ही बघा तुमची बोटं." त्यांनी नकाशा त्याच्यापुढे ढकलला, पट्टी तीन पिवळ्या ठिपक्यांवर ठेवली. पट्टीचं एक टोक चौकातल्या खड्ड्यावर होतं. दुसरं टोक जिथं होतं तिथं ते तिघं बसले होते. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. ठेवायचं कारणच नाही. पण ही दारं तुम्ही तासलीत. मी नाही."

सुतार त्या पट्टीकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते, मनात एकेक घर मोजत असावा. मग तो उठला आणि मागच्या खोलीकडे गेला.

दार उघडेना.

त्यानं खांदा लावला. दार चौकटीत असं बसलं होतं जणू भिंतीतूनच उगवलंय. "मी तासलं होतं हे," तो म्हणाला. "चांगलं बोटभर तासलं होतं."

आत पिटुकली रडायला लागली. पाठोपाठ सासूबाई. "कोण दार बडवतंय? मुलगी आत्ता कुठं झोपली होती!"

"आजी, उठता येतंय का? पाळणा भिंतीपासून ओढा."

"मला ओढायला दोन माणसं लागतात, मी काय पाळणा ओढू? आणि हे काय, माती पडतेय रे वरून. माझ्या तोंडात गेली."

लेक दारावर दोन्ही तळवे टेकून उभी राहिली. ती रडत नव्हती, नुसती दाराला रेटत होती. जावयानं तिला खांद्याला धरून बाजूला केलं, हत्यारांची पिशवी ओतली आणि पटाशीनं बिजागऱ्या उचकटायला घेतल्या. वरची निघाली. खालची निघताना दार एकदम सुटून त्याच्या अंगावर आलं. चौकट तिरकी झालेली आता उघड दिसत होती, पडक्या दातासारखी. बाईंनी बाळाला उचललं. जावयानं सासूबाईंना पाठुंगळी घेतलं.

"माझी औषधं," सासूबाई म्हणाल्या.

"राहू द्या आजी."

"अरे, त्या डब्यात माझे दात आहेत!"

लेकीनं दात घेतले. हे नंतर सगळ्यांना आठवे आणि हसू येई, पण त्या वेळी कुणीही हसलं नाही.

रस्त्यावर येऊन त्यांनी मागं पाहिलं. घर जसंच्या तसं उभं होतं. वाळत घातलेली दुपटी वाऱ्यावर हलत होती. शेजारची बाई भांडी विसळत होती. तिनं विचारलं, "कुठं निघालात सगळी?" उत्तर बाईंनी दिलं. सगळं सांगितलं, आपली चूकही सांगितली. शेजारीण हातातलं भांडं तसंच धरून ऐकत राहिली आणि मग तिनं आपल्या मुलांना हाका मारायला सुरुवात केली.

जावई रस्त्याच्या मधोमध उभा होता. "आई," तो म्हणाला, "ती दारं घट्ट होत होती तेच बरं होतं. लोकांना त्रास झाला असता, कुणीतरी विचारलं असतं, असं का होतंय. मी रंधा मारून मारून गप्प बसवली त्यांना."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"कुठलं दार ते माहीत होतं ना." आणि तो चालायला लागला. लेकीनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली. त्यानं ती हळूच सोडवली. "सगळी घरं मला पाठ आहेत. तुम्ही पुढं व्हा."

शेजारणीच्या थोरल्या मुलानं हातगाडा ओढला. बाईंच्या जुन्या घरी पोचल्यावर सासूबाईंना खाटेवर निजवलं. ओट्याखालची चीर जिथं होती तिथंच, तेवढीच होती. ती नेहमीचीच होती. सासूबाईंनी छताकडे बघितलं, मग सुनेकडे. बाई टोमण्याची वाट बघत उभ्या राहिल्या. वाटत होतं, निदान टोमणा तरी मिळावा.

"बस जरा," सासूबाई एवढंच म्हणाल्या.

दिवेलागणीच्या सुमारास जावई आला. उंबऱ्यावर बसला. केसांत माती होती, हातात रिकामी पिशवी. लेकीनं पाणी दिलं, ते त्यानं एका दमात संपवलं.

"निघाले?" बाईंनी विचारलं.

"बेकरीवाला निघाला. आधी शिव्या दिल्या, मग कोठाराची भिंत बघितली, मग निघाला. वाचनालयाला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडेच देऊन ठेवली. आळीतले बहुतेक निघाले."

"बहुतेक?"

तो पेल्याच्या तळाकडे बघत होता. "घड्याळजी नाही म्हणाला. बायकोही आत आहे. म्हणाला, कालच तर येऊन गेलास. दार आता लोण्यासारखं फिरतंय. आमच्या घराला काय धाड भरलीय? माझ्यासमोर त्यानं ते दोनदा उघडून मिटून दाखवलं. खरंच फिरतंय आई. मी किती सांगितलं. माझंच काम माझ्यापुढं नाचवत होता, मी काय बोलणार?"

पिटुकली लेकीच्या खांद्यावर झोपली होती. बाहेर रस्ता शांत होता, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

बाई उठल्या. त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"कुठं?" लेकीनं विचारलं.

"त्यांना माझी चूक कुणी सांगितली नाही. सुताराचं काम चांगलं झालं एवढंच त्यांना कळलंय."

"मी येतो," जावई उठायला लागला.

"तुम्ही इथंच थांबा. लेकीजवळ."

त्या एकट्याच निघाल्या. गर्दीत शिरायला भिणाऱ्या, कुणाच्या दारात न बोलावता कधी न जाणाऱ्या. वाटेत काय सांगायचं ते त्या मनात जुळवत होत्या. वर्गात सांगायच्या तसं नको, घाबरवायचंही नको, फक्त मी चुकले असं आधी म्हणायचं, मग बाकीचं. घड्याळजीच्या घरात दिवा लागलेला होता. खिडकीतून भिंतीवरची घड्याळं दिसत होती. आतून बोलण्याचा आवाज येत होता, दोघं जेवायला बसली असावीत.

पायऱ्या चढून त्यांनी दारावर टकटक करायला हात उचलला. दार नुसतं लोटलेलं होतं. बोटांचा स्पर्श झाला, एवढंच. ते कुरकुरलं नाही, अडलं नाही. आपल्याच वजनानं आत जाऊ लागलं, वेग घेत गेलं आणि पार टोकाला जाऊन भिंतीवर आपटलं.

"कोण आहे?" आतून घड्याळजीनं विचारलं.

बाईंनी उंबरा ओलांडला.

"मी चुकले," त्या म्हणाल्या.